‘तीच ही स्लाइड’: फाइल, फॉन्ट आणि प्रतिनिधीचा प्रश्न

एका संगणकावर तयार केलेले प्रेझेंटेशन दुसऱ्या संगणकावर उघडले की कधी शीर्षकाच्या एका ओळीच्या दोन होतात, मुद्दे चौकटीबाहेर सांडतात, तक्त्यातले आकडे एकमेकांवर चढतात, आणि मजकूर मराठी असेल तर एखादे वेळी त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहिल्या तर त्यांत एका बिटाचाही फरक सापडत नाही. पाठवणाऱ्याचे म्हणणे, पाठवली ती हीच. घेणाऱ्याचे म्हणणे, मिळाली ती अशी. दोघेही खरे बोलत असतात. हा बिघाड दुरुस्त करण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत आणि बहुतेक सोप्या आहेत. पण दुरुस्ती कशाबरहुकूम करायची, हे कोणतीही युक्ती सांगत नाही. त्यासाठी एका जुन्या तात्त्विक प्रश्नाला हात घालावा लागतो: दोन ठिकाणी दोन रूपांत दिसलेली वस्तू एकच आहे, असे कधी म्हणता येते?

पावरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशसाठी बाजारात आला तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी तो फोरथॉट या कंपनीत घडवला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. त्याचे मुख्य काम होते ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शिका तयार करून देण्याचे. छापलेली पारदर्शिका पिशवीत घालून परगावी नेली की तिथल्या प्रोजेक्टरवरही तीच अक्षरे त्याच जागी उमटत. वस्तू आणि तिचे दिसणे एकाच फिल्मवर असे. पुढे प्रोजेक्टर थेट संगणकाला जोडला जाऊ लागला, छपाईचा टप्पा गळाला, आणि पिशवीतून वस्तूऐवजी ती कशी घडवावी याची सूचना जाऊ लागली. वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या भाषेत बोलायचे तर आजची स्लाइड हा विधी आहे आणि पडद्यावर दिसते तो त्याचा प्रयोग. विधी एक, प्रयोग अनेक. प्रत्येक प्रयोगाला स्थानिक सामग्री लागते.

या विधीत नेमके काय लिहिलेले असते आणि काय नसते, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पीपीटीएक्स प्रकारची फाइल म्हणजे एक झिप गाठोडे. ते सोडले की आत एक्सएमएलच्या लहान लहान फाइली सापडतात: प्रत्येक स्लाइडची एक, मांडणीच्या साच्यांच्या काही, त्या साच्यांच्याही वर असलेल्या स्लाइड मास्टरची, आणि रंग व फॉन्ट ठरवणाऱ्या थीमची. २००६ साली एक्मा-३७६ आणि २००८ साली आयएसओ/आयईसी २९५०० या नावांनी हे स्वरूप प्रमाण ठरले. चौकटींच्या जागा त्यात कमालीच्या काटेकोरपणे नोंदलेल्या असतात. एका इंचाचे ९,१४,४०० भाग आणि एका सेंटिमीटरचे ३,६०,००० भाग, अशा एककात मोजमाप होते. इंच आणि सेंटिमीटर दोन्हींना पूर्णांकात भाग जावा म्हणून हा विचित्र दिसणारा आकडा निवडला आहे. सोळास-नऊ प्रमाणाची स्लाइड या एककात १,२१,९२,००० रुंद आणि ६८,५८,००० उंच असते.

फॉन्टची मात्र एरवी फक्त नावे असतात, तीही लॅटिन, पूर्व आशियाई आणि देवनागरीसारख्या जटिल लिप्या यांसाठी वेगवेगळी. अक्षरांचे आकार, त्यांची रुंदी, ओळीची उंची हे सगळे त्या नावाचा फॉन्ट उघडणाऱ्या संगणकावर असेल अशा भरवशावर सोडलेले असते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट फाइलमध्ये नसतेच: लांब वाक्य चौकटीत कुठे मोडते. चौकटीची रुंदी लिहिलेली असते, वाक्य लिहिलेले असते. ओळ कुठे संपावी हे प्रत्येक संगणक अक्षरांच्या रुंदीवरून त्या त्या वेळी मोजतो. एक अक्षर किंचित रुंद निघाले तर एक शब्द खालच्या ओळीत जातो, त्याने एक ओळ वाढते, आणि चौकट भरून वाहू लागते. मजकूर मावत नसेल तर तो आपोआप लहान करण्याची सोय असते. तिने काढलेले टक्केवारीचे प्रमाण फाइलमध्ये साठवले जाते. हे प्रमाण एका संगणकावरच्या फॉन्टला लागू असते. दुसऱ्या संगणकावर ते कधी तसेच राहते आणि चुकते, तर कधी नव्याने मोजले जाते आणि मग सगळी अक्षरे अनपेक्षितपणे बारीक होतात.

यातून पहिला निष्कर्ष निघतो, तो कर्त्याला रुचणारा नाही. ज्याला मूळ स्लाइड म्हटले जाते ती कोणीच पाहिलेली नसते. कर्त्यानेही आपल्या संगणकावरचा एक प्रयोगच पाहिलेला असतो. तो पहिला प्रयोग होता आणि कर्त्याच्या डोळ्यांसमोर झाला, एवढाच त्याचा मान. बौद्ध तार्किकांनी कार्य हे एका कारणातून न निघता सामग्रीतून, म्हणजे सर्व सहकारी कारणांच्या एकत्र येण्यातून निघते असे मानले. फाइल, फॉन्ट, प्रोग्रॅमची आवृत्ती आणि पडदा यांतला एक घटक बदलला की कार्य दुसरेच होते, आणि त्यात बिघडले असे काही नसते. या भूमिकेवरून पाहिले तर ‘स्लाइड बिघडली’ ही तक्रारच चुकीची ठरते. पण हे उत्तर व्यवहारात कोणाच्या उपयोगाचे नाही. चौकटीबाहेर सांडलेला मजकूर वाचता येत नाही, हे दर्शन कोणतेही मानले तरी खरे राहते.

अद्वैत वेदान्ताचा मार्ग यापेक्षा कामाचा आहे. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी दिसला की ‘तोच हा देवदत्त’ असे म्हटले जाते. ‘तो’ या शब्दात ते गाव आणि तो काळ आहे, ‘हा’ या शब्दात हे गाव आणि आताचा काळ. दोन्ही अर्थ पूर्ण घेतले तर वाक्य खोटे ठरते. म्हणून विरोधी भाग सोडायचे आणि उरलेला व्यक्तिभाग तेवढा धरायचा, याला भागत्यागलक्षणा म्हणतात. सोडलेले भाग म्हणजे उपाधी. जास्वंदीच्या सान्निध्यात स्फटिक तांबडा दिसतो, फूल काढले की त्याचे शुभ्रपण तसेच असते. स्लाइडच्या बाबतीतही असेच म्हणण्याचा मोह होतो: संगणक, पडदा, फॉन्ट या साऱ्या उपाधी, त्या सोडल्या की मजकूर नावाचे शुद्ध स्वरूप हाती राहते. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत हे बहुतांशी चालते. कॅलिब्रीच्या जागी एरियल आला तरी वाक्य तेच राहते.

मराठीच्या बाबतीत हा सिद्धान्त एका ठिकाणी साफ कोसळतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि अनेक कार्यालयांत व छापखान्यांत त्यानंतरही बरीच वर्षे, देवनागरी मजकूर ज्या फॉन्टांत टंकला गेला त्यांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली होती. कृतीदेव या फॉन्टात ‘भारत’ असा शब्द दिसत असला तरी फाइलमध्ये इंग्रजीतली एच, के, के, जे, आर ही पाच अक्षरे साठवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच पाच इंग्रजी अक्षरे दिसतात, आणि संगणकाच्या दृष्टीने तेच बरोबर असते. इथे फॉन्टला उपाधी म्हणता येत नाही. फूल काढल्यावर स्फटिक राहायला हवा होता, पण तो राहत नाही, कारण ‘भारत’ हा शब्द फाइलमध्ये कधी नव्हताच. तो केवळ फॉन्टात होता. श्रीलिपीसारख्या प्रणालींतल्या जुन्या फॉन्टांची जातकुळी हीच. अशा स्लाइडला दुसऱ्या संगणकावर नुसता युनिकोड फॉन्ट लावून भागत नाही. एक तर मूळचा जुना फॉन्ट तिथे बसवावा लागतो, नाही तर परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये नेऊन जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागतात. या जागी परिवर्तक हमखास चुकतात.

१९९१ साली आलेल्या युनिकोडने हा गुंता बराच सोडवला. प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत मिळाला. अर्थ फाइलमध्ये आला आणि फॉन्ट खऱ्या अर्थाने उपाधी झाला. तरीही दोन टोकांच्या दोन गोष्टी उरल्या, आणि दोन्ही मराठीच्या खास आहेत. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतल्या वळणांहून निराळी, पण युनिकोडमधला संकेत एकच. कोणते वळण दाखवायचे ते फॉन्ट ठरवतो, आणि काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदली असेल तरच मराठी वळण उमटते. म्हणजे संकेत एक आणि रूपे दोन. उलट ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक टंकला तर दुसरा सापडेलच असे नाही. म्हणजे रूप एक आणि संकेत दोन. पहिल्या ठिकाणी वाचक तक्रार करतो आणि फाइल निर्दोष असते. दुसऱ्या ठिकाणी वाचक समाधानी असतो आणि दोष फाइलमध्ये असतो. ओळख केवळ दिसण्यावर ठेवता येत नाही आणि केवळ संकेतावरही ठेवता येत नाही, याला यापेक्षा चांगला पुरावा शोधावा लागत नाही.

मग कोणता फरक वस्तूचा आणि कोणता केवळ प्रयोगाचा? भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शब्दाविषयी हाच प्रश्न विचारला आणि ध्वनीचे दोन थर मानले. प्राकृत ध्वनी शब्दाचे स्वरूप प्रकट करतो. ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत हे भेद त्यातले, कारण ते बदलले तर शब्द बदलतो. वैकृत ध्वनी त्यानंतरचा; कोणी भरभर म्हणतो, कोणी सावकाश, हे द्रुत, मध्यम, विलंबित वृत्तींचे भेद त्यातले, आणि त्यांनी शब्दाला काही होत नाही. फरक दोन्हीकडे कानाला ऐकू येतोच. कोणता फरक मोजायचा हे कान सांगत नाही, भाषेची व्यवस्था सांगते.

स्लाइडसाठी अशी व्यवस्था कोणी लावून दिलेली नाही, आणि सगळी गोची इथे आहे. हस्तलिखित पोथीत ओळ पानाच्या कडेला संपे, शब्दाच्या मध्येही संपे, आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. ओळीचा शेवट हा वैकृत भेद होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा शुद्धी पाठाची होती, पानावरच्या मांडणीची नव्हती. स्लाइडमध्ये ओळीचा शेवट कधी वैकृत असतो आणि कधी प्राकृत. पाच ओळींच्या परिच्छेदात एक शब्द खाली गेला तर काही बिघडत नाही. पण दोन रकान्यांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी तुलना समोरासमोर मांडली असेल आणि डावीकडची एक ओळ वाढली, तर तिसरा मुद्दा दुसऱ्यासमोर येतो आणि तुलना खोटी होते. आकृतीवर ठेवलेला बाण शेजारच्या भागाकडे वळला तर तीच गत. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये कलाकृतींचे दोन वर्ग केले होते: चित्रासारख्या, ज्यांची अस्सल प्रत दुसरी होत नाही, आणि संगीतरचनेसारख्या, ज्या स्वरलिपीबरहुकूम वाजवल्या की प्रत्येक वादन अस्सल. स्लाइड या दोन वर्गांच्या मधोमध पडते. तिचा मजकूर स्वरलिपीसारखा आणि मांडणी चित्रासारखी, आणि एकच फाइल दोन्ही असल्याचा दावा करते.

दुसऱ्या संगणकावर फॉन्ट सापडत नाही तेव्हा प्रोग्रॅम जे करतो त्याची चर्चा पूर्वमीमांसेत फार पूर्वी झाली आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे: यज्ञासाठी सांगितलेले द्रव्य मिळाले नाही किंवा मध्येच नष्ट झाले तर काय करावे? व्रीही म्हणजे भात नसेल तर नीवार, म्हणजे रानचे देवभात, घेता येते. सोमाच्या जागी पूतिका सांगितली आहे. प्रतिनिधी मुळाशी साम्य असलेला हवा. शिवाय नीवार स्वतःच्या हक्काने येत नाही. तो व्रीहीच्या जागी, व्रीही मिळवण्याच्या प्रयत्नाचाच भाग म्हणून येतो. आणि काही गोष्टींना प्रतिनिधी चालतच नाही: देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया.

फॉन्टच्या बदलीला हे नियम जवळजवळ जसेच्या तसे लागतात. साम्य हवे हे खरे, पण कशातले? डोळ्याला सुंदर दिसण्यातले साम्य निरुपयोगी. अक्षरांच्या रुंदीतले साम्य हवे, कारण ओळी तिच्यावर मोडतात. हे ओळखून काही फॉन्ट मुद्दाम घडवले गेले. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरियर न्यू यांना पर्याय म्हणून २००७ साली रेड हॅटने लिबरेशन फॉन्ट दिले. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आणि कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया आले. वळणे वेगळी, रुंदी तीच. लिनक्सवर लिबरऑफिसमध्ये उघडलेली कॅलिब्रीतली स्लाइड मोडत नाही ती कार्लिटोमुळे. ही सोय लॅटिन लिपीची; कार्लिटोत देवनागरी नाही. विंडोजवर ‘मंगल’मध्ये केलेली स्लाइड मॅकवर ‘कोहिनूर देवनागरी’त उघडली तर रुंदी आणि उंची दोन्ही बदलतात. देवनागरीत मात्रा आणि रफार वर, उकार खाली; त्यांना लागणारी जागा प्रत्येक फॉन्ट आपापल्या हिशेबाने ठेवतो, म्हणून मराठी स्लाइड आडवी कमी आणि उभी जास्त मोडते. विंडोज १० मध्ये तर मंगल हा मुळात ऐच्छिक फॉन्ट झाला आहे, त्यामुळे दोन्हीकडे विंडोज असूनही हा प्रकार घडू शकतो.

प्रतिनिधी मुळाच्या जागी येतो, या नियमाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. पावरपॉइंटमध्ये फॉन्ट नसला तरी फॉन्टच्या रकान्यात मूळ नावच दिसत राहते. पडद्यावर नीवार, संकल्पात व्रीही. फाइल परत मूळ संगणकावर गेली की सगळे पूर्ववत होते. पण घेणाऱ्याने घाईघाईने अक्षरे लहान केली, चौकटी ताणल्या, ओळी हाताने तोडल्या, तर प्रतिनिधीच्या सोयीसाठी विधीच बदलला गेला आणि मूळ संगणकावर स्लाइड आता खरोखर मोडलेली उघडेल. फॉन्ट बदलण्याची आज्ञा देऊन सगळीकडचे नावच पालटणे हा संकल्पातला बदल आहे. तो करावा, पण समजून, आणि फाइल परत जाणार नसेल तर. जुन्या सांकेतिक फॉन्टांना प्रतिनिधी का चालत नाही, हेही इथे कळते. तिथे फॉन्टने द्रव्याची जागा सोडून मंत्राची घेतलेली असते.

बिघाड आधीच टाळायचा तर मार्ग तीन. पहिला, सगळी सामग्री सोबत नेणे. पावरपॉइंटमध्ये जतन करण्याच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच भरण्याची सोय आहे. फक्त वापरलेली अक्षरे भरली तर फाइल लहान राहते पण पुढे नवे अक्षर टंकता येत नाही. सगळी भरली तर फाइल फुगते. मॅकवरच्या जुन्या पावरपॉइंटला असे भरलेले फॉन्ट वापरता येत नसत. शिवाय फॉन्ट भरू द्यायचा की नाही हे फॉन्टचा मालक ठरवतो: प्रत्येक फॉन्टच्या आत परवानगीची नोंद असते आणि ती पूर्ण मनाई, फक्त पाहणे-छापणे, संपादन आणि कायमची स्थापना अशा पायऱ्यांची असते. स्लाइडची ओळख अशी तिऱ्हाइताच्या परवान्यावर टेकलेली राहावी, ही व्यवस्था विचित्र आहे. मराठीसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट वापरावेत आणि त्यांची फाइल प्रेझेंटेशनसोबतच द्यावी, हे म्हणून सर्वांत निर्धोक. व्हिडिओ, ध्वनी आणि एक्सेलचे तक्ते दुव्याने जोडलेले असतील तर फाइलमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो, आणि तो पत्ता कर्त्याच्या संगणकावरचा; ते एक तर आत भरावेत किंवा एकाच फोल्डरमध्ये गोळा करून तो फोल्डर पाठवावा.

दुसरा मार्ग प्रयोगच गोठवण्याचा. १९९३ साली अडोबीने आणलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते, ओळी पुन्हा मोजल्या जात नाहीत. दीर्घकाळ जतनासाठी २००५ साली प्रमाणित झालेल्या पीडीएफ/ए प्रकारात तर दिसणाऱ्या मजकुराचे फॉन्ट आत असणे सक्तीचे आहे. किंमत उघड आहे: हालचाल गेली, संपादन गेले, स्लाइड पुन्हा पारदर्शिका झाली. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीने मधली वाट काढली होती. तिच्या डीव्हीआय फाइलमध्ये फॉन्ट नसतात, फक्त नाव आणि पडताळणीचा आकडा असतो. पण ओळी आधीच मोडून प्रत्येक अक्षराची जागा लिहून ठेवलेली असते, आणि ओळी मोडण्याचे गणित पूर्णांकांत केलेले असते, जेणेकरून कोणत्याही यंत्रावर एकाच मजकुराच्या ओळी एकाच ठिकाणी मोडाव्यात. मोडण्याची जागा यंत्रावर सोडायची नाही, एवढा निर्णय पक्का केला की निम्मे काम होते, हे क्नुथ यांना दिसले होते.

तिसरा मार्ग दिसण्यावरचा हक्क सोडून रचनेवर भर देण्याचा. शीर्षक शीर्षकाच्याच चौकटीत, मुद्दे मुद्द्यांच्या चौकटीत, आणि फॉन्ट, अंतर, रंग सगळे स्लाइड मास्टरमध्ये ठरवलेले. मग थीम बदलली तरी प्रत्येक भागाचे काम शाबूत राहते. स्पेसबार दाबून साधलेले रकाने, एंटर मारून तोडलेली वाक्ये, मोकळ्या चौकटीत तरंगणारी शीर्षके ही सगळी कर्त्याच्या पडद्याची नक्कल असते आणि दुसरीकडे हमखास फसते. तुलना दाखवायची तर तक्ता करावा, कारण तक्त्याची ओळ दोन्ही रकान्यांना धरून ठेवते. वर सांगितलेली समोरासमोरची तुलना मग मोडू शकत नाही. चौकटीत थोडी मोकळी जागा सोडावी. शेवटच्या शब्दापर्यंत भरलेली चौकट फक्त एकाच संगणकावर बरोबर दिसते.

तिन्हींतला कोणता घ्यायचा, याबाबतही मीमांसेचा एक भेद उपयोगी पडतो. नित्य कर्मात एखादे अंग कमी पडले तरी शक्य तेवढे करून कर्म पार पाडावे. काम्य कर्म मात्र सर्व अंगांनी पूर्ण हवे, नाही तर फळ नाही. दर सोमवारच्या आढाव्याची स्लाइड नित्य आहे, तिला रचना पुरते. चित्रकाराचा नमुनासंग्रह किंवा न्यायालयापुढे ठेवायची आकृती काम्य आहे. तिथे पीडीएफ करावे आणि हालचालीचा मोह सोडावा.

दोन प्रेझेंटेशने एकत्र करताना हाच प्रश्न प्रोग्रॅम स्वतः विचारतो: मूळ स्वरूप ठेवायचे की नव्या घराची थीम लावायची? बहुतेक लोक विचार न करता एक पर्याय निवडतात. सोळास-नऊच्या संचाचे प्रमाण बदलून जुने चारास-तीन, दहा इंच रुंद केले तर आणखी एक प्रश्न येतो, सगळे मावेल असे लहान करायचे की जागा भरेल असे मोठे. दुसऱ्यात कडेचा भाग बाहेर जाऊ शकतो.

फाइलच्या प्रमाण स्वरूपाने या अनिश्चिततेची दखल घेतलेली आहे. आयएसओ/आयईसी २९५०० चा तिसरा भाग अशा मजकुरासाठी आहे जो जुन्या प्रोग्रॅमला कळणार नाही: त्यात कर्ता एक पसंतीचे रूप देतो आणि त्याखाली पर्यायी रूप. मॉर्फ नावाचे नवे स्थित्यंतर ज्या पावरपॉइंटला येत नाही तिथे साधे विरणे दिसते ते याच तरतुदीने. प्रतिनिधी कोण असावा हे इथे विधीतच सांगितलेले असते, पूतिकेसारखे. फॉन्टसाठी मात्र पीपीटीएक्समध्ये कर्त्याला अशी पसंतीची यादी सहजी देता येत नाही. वेबपानांच्या शैलीभाषेत ती पहिल्यापासून आहे.

कर्ता हाताशी नसताना मोडलेली स्लाइड समोर आली तर घेणाऱ्यापाशी काही खुणा असतात. मूळ फॉन्टचे नाव फाइलमध्ये असते, तो बसवता आला तर बाकी काही करू नये. नसेल तर साठवलेल्या चौकटींच्या जागा पाहाव्यात: त्या विश्वासार्ह असतात, कारण त्या मोजून लिहिलेल्या असतात. दोन चौकटी अचूक एका रेषेत असतील तर त्यांतला मजकूर समोरासमोर असावा अशी कर्त्याची इच्छा होती, असे धरायला हरकत नाही. गाठोड्यात स्लाइडची छोटी प्रतिमा जतन झालेली असेल तर पहिल्या स्लाइडपुरता कर्त्याचा प्रयोगही पाहायला मिळतो. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी आणि मूळ फाइल तशीच ठेवावी.